युद्धकालीन फेरनियुक्ती (अमेरिकेची संघीय तपासयंत्रणा)

आंतरराष्ट्रीय संघर्षाच्या काळात संघीय तपास अधिकाऱ्यांना नेहमीच्या गुन्ह्यांवरून काढून हेरगिरी, घातपात वा दहशतवादाच्या तपासावर नेमण्याची अमेरिकेतील प्रथा.

तिचा आरंभ सामान्यतः १९१७ पासून धरतात. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा हेरगिरीविरोधी कायद्याखालील तपास न्याय खात्याच्या तपास विभागाकडे (एफबीआयचे पूर्वरूप) आला. मात्र १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाचा दाखला जुना आणि अधिक बोलका आहे. खोट्या नोटांचा माग काढणारी कोषागार खात्याची सीक्रेट सर्व्हिस तेव्हा जॉन विल्की यांच्या हाताखाली स्पॅनिश हेरांच्या मागे लागली. वॉशिंग्टनच्या स्पॅनिश वकिलातीत काम केलेले नौदल अधिकारी रामोन कारान्सा माँट्रियलमधून हेरांचे जाळे चालवत होते. त्यांच्या बिऱ्हाडातून एक पत्र पळवले गेले. घर भाड्याने पाहायला आल्याचा बहाणा करून ते उचलले, असे सांगतात. ते वृत्तपत्रांत छापून आले आणि कारान्सांना कॅनडा सोडावा लागला. विल्कींनी या कामासाठी जादा माणसेही घेतली होती. तेवढ्यावरून ही निव्वळ फेरनियुक्ती नव्हे, असा आक्षेप घेता येतो. तरी जुन्या जाणत्या माणसांचे काम बदलले हे खरेच.

मे १९०८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) न्याय खात्याला सीक्रेट सर्व्हिसची माणसे उसनी घेण्यास मनाई केली. त्यामुळे महान्यायवादी चार्ल्स बोनापार्ट यांनी जुलैमध्ये स्वतःचे तपासपथक उभे केले. पुढच्या एफबीआयचा उगम तोच.

दुसऱ्या महायुद्धात एफबीआयचे अधिकारी, १९४० पासून, वेषांतराने लॅटिन अमेरिकेत धाडले गेले. शीतयुद्ध सरताच प्रवाह उलटला: १९९२ च्या आरंभी सुमारे ३०० अधिकारी प्रतिहेरगिरीतून हिंसक गुन्ह्यांकडे वळवले.

सर्वांत तपशीलवार नोंद २००२ ची आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर एफबीआयचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट म्यूलर यांनी ५१८ अधिकारी हलवले. त्यांपैकी ४०० अमली पदार्थांच्या तपासातले. आर्थिक आणि हिंसक गुन्ह्यांतून प्रत्येकी ५९. बहुतेक सगळे दहशतवादविरोधी कामावर गेले. या बदलाची चर्चा करताना नवे काम मोजले जाते, मागे राहिलेल्या फायली फारशा कोणी मोजत नाही. ही उणीव गंभीर आहे. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००५ च्या अहवालात तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला. एफबीआयने सोडलेल्या तपासांचा भार राज्यांच्या व स्थानिक पोलिसांवर किती पडला, हा त्याचा एक मुख्य विषय होता.