घरच्या राऊटरवर बँडविड्थ कंट्रोल आणि पोर्ट फॉरवर्डिंग

बँडविड्थ कंट्रोल आणि पोर्ट फॉरवर्डिंग ही घरगुती राऊटरमधली दोन वेगवेगळी सेटिंग. पहिल्यात घरातल्या कुठल्या डिव्हाइसला किती स्पीड द्यायचा ते ठरवता येतं, दुसऱ्यात बाहेरच्या इंटरनेटवरून आलेलं कनेक्शन घरातल्या एका ठराविक मशीनकडे म्हणजे डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), गेम सर्व्हर, नॅस (घरातली सामायिक डिस्क) वगैरेकडे वळवता येतं. दोन्ही राऊटरच्या ॲडमिन पेजवर, म्हणजे ब्राऊझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकून जे पान उघडतं तिथे असतात, आणि "सगळं बरोबर भरलं तरी चालत नाही" ही तक्रारही दोन्हींबद्दल सारखीच ऐकू येते. त्याचं कारण बहुतेक वेळा त्या पानावर नसतंच, एकतर डिव्हाइसचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) गुपचूप बदललेला असतो नाहीतर खरा कंट्रोल राऊटरच्या पलीकडे, नेटवाल्याकडे असतो.

आधी आयपी पक्का करा

राऊटर घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला डीएचसीपीने आयपी वाटतो आणि तो कायमचा नसतो. आज डीव्हीआरला १९२.१६८.०.१०३ मिळाला, लाईट जाऊन आली की १०५ मिळू शकतो, आणि मग १०३ साठी लिहिलेला नियम एखाद्या फोनला लागू होतो किंवा कुणालाच होत नाही. म्हणून डीएचसीपीच्या मेनूत ॲड्रेस रिझर्वेशन म्हणून जे असतं तिथे डिव्हाइसचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी यांची जोडी आधी लावून टाकायची. फोनच्या बाबतीत इथे एक गोची आहे, ॲण्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न दाखवता बनावट मॅक दाखवतात, तो बदलला की रिझर्वेशन गेलंच. घरच्या वायफायपुरता हा प्रकार फोनच्या सेटिंगमधून बंद करता येतो. अर्थात ज्याचा स्पीड तुम्ही कापताय तो स्वतःहून बंद करेल अशी आशा ठेवू नये.

बँडविड्थ कंट्रोल

पुण्यात चार पोरं एका फ्लॅटवर राहतात, कनेक्शन एकच, एकाचा टॉरेंट चालू आणि दुसऱ्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, ही या सेटिंगची नेहमीची गरज. टीपी-लिंकच्या जुन्या स्वस्त मॉडेलवर बँडविड्थ कंट्रोल याच नावाचा मेनू असतो, इतर कंपन्या त्याला क्यूओएस म्हणतात. आधी एकूण इग्रेस म्हणजे अपलोड आणि इनग्रेस म्हणजे डाऊनलोड किती ते भरायचं, मग प्रत्येक आयपी किंवा आयपीच्या रेंजसाठी किमान आणि कमाल आकडा द्यायचा. सगळ्या किमानांची बेरीज एकूण आकड्याच्या वर गेली तर त्या हमीला काही अर्थ राहत नाही.

हे आकडे बऱ्याच पानांवर केबीपीएसमध्ये मागतात. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, त्या जमान्यात ते ठीक होतं, आज १०० एमबीपीएसचा प्लॅन असलेला माणूस तिथे २० एमबीपीएस समजून नुसतं २० टाकतो आणि भावाच्या फोनवर व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा उतरत नाही. २० एमबीपीएस हवे तर २०००० लिहायचं. दुसरा घोळ बिट आणि बाईटचा, डाऊनलोड मॅनेजर सेकंदाला मेगाबाईट दाखवतो आणि प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, मध्ये आठपटीचा फरक.

लोक सगळं लक्ष डाऊनलोडवर देतात पण राऊटरच्या पूर्ण हातात असतो तो अपलोडच. बाहेर जाणारं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कधी सोडायचं हे राऊटर ठरवू शकतो, आत येणारं पॅकेट मात्र नेट कंपनीच्या लाईनवरून येऊन पोचलेलंच असतं, त्यामुळे डाऊनलोड कमी करायला राऊटर जास्तीची पॅकेट उशिरा देतो किंवा टाकून देतो आणि पाठवणारा सर्व्हर ते बघून आपला वेग उतरवतो. टीसीपीवर, म्हणजे पोचलं का ते तपासत पाठवणाऱ्या पद्धतीवर, हे नीट चालतं. पोचलं का ते न बघता मनमानी यूडीपी पाठवणाऱ्यावर फारसं नाही.

व्हिडिओ कॉल अडकण्याचं कारणही कित्येकदा स्पीड नसून रांग असते. कुणी गुगल फोटोजवर लग्नाचे फोटो चढवायला लावले की अपलोडची रांग मोडेम किंवा ओएनटीच्या (फायबरचा डबा) बफरमध्ये साचते आणि ३० मिलिसेकंदाचा पिंग (पॅकेट जाऊन-येऊन लागणारा वेळ) कित्येकशे मिलिसेकंदावर जातो. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास हा विषय लावून धरला. उपाय सोपा आहे, एकूण आकडा प्लॅनएवढा न भरता मोजलेल्या खऱ्या स्पीडच्या पाच-दहा टक्के खाली भरायचा, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते आणि तिथे ती आपल्याला सांभाळता येते. त्यासाठी कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली, तिच्यावर आधारलेलं केक (रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये आलं आणि ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर टाकायची मोफत सिस्टिम) टाकलेल्या राऊटरवर ते एसक्यूएम नावाने मिळतं. जमत असेल तर हेच करावं, माणसागणिक कमाल आकडे लावत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण बाकीचे घराबाहेर असले तरी तुमचा कमाल आकडा तुम्हाला अडवतोच. स्वस्त राऊटरवर मात्र क्यूओएस चालू केलं की हार्डवेअरचं ॲक्सिलरेशन (पॅकेट झटपट पुढे पाठवणारी सोय) बंद पडतं, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि मोठ्या प्लॅनचा स्पीड एकूणच खाली येऊ शकतो.

पोर्ट फॉरवर्डिंग

याची गरज पडते नॅटमुळे. १९९४ च्या आरएफसी १६३१ (इंटरनेटचा एक तांत्रिक दस्तऐवज) मध्ये मांडलेली ही युक्ती, घरातल्या सगळ्या मशीन मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात. आतून निघालेल्या कनेक्शनचं उत्तर कुणाला द्यायचं ते राऊटरच्या टेबलमध्ये नोंदलेलं असतं, पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर नोंद नसते आणि राऊटर ते पॅकेट फेकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ही नोंद हाताने कायमची करून ठेवणं: बाहेरचा पोर्ट (एका पत्त्यावरच्या वेगवेगळ्या सेवांचा क्रमांक) अमुक, आतला आयपी आणि पोर्ट तमुक, टीसीपी का यूडीपी. टीपी-लिंकवर हे व्हर्च्युअल सर्व्हर नावाखाली सापडतं. जावा आवृत्तीच्या माइनक्राफ्ट सर्व्हरला टीसीपी २५५६५ लागतो, वायरगार्डला (व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायच्या खाजगी वाटेचा प्रोग्रॅम) नेहमीचा यूडीपी ५१८२०.

भारतात सगळ्यात जास्त अडतं ते सीजीनॅटवर. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले, ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, त्यामुळे कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एक पब्लिक आयपी देतात आणि नॅटचा अजून एक थर स्वतःकडे लावतात, यालाच सीजीनॅट म्हणतात. ओळखायची पद्धत अशी, राऊटरच्या स्टेटस पेजवरचा वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघायचा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा आकडा बघायचा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल (ही रेंज २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली), तर तुमच्या राऊटरवर कितीही नियम लिहा, पॅकेट तुमच्यापर्यंत येणारच नाही. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राऊटर एकामागे एक लागलेत, कंपनीचा ओएनटी आणि त्याच्यामागे तुमचा, तिथे ओएनटी ब्रिज मोडला टाकून (म्हणजे तो नुसता पुढे पाठवतो) पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याने दिलेलं लॉगिन आपल्या राऊटरवर घ्यायचं. सीजीनॅट असेल तर स्टॅटिक आयपी विकत घ्यायचा, बहुतेक कंपन्या वेगळे पैसे लावतात, नाहीतर टेलस्केलसारखं काहीतरी वापरायचं ज्यात दोन्ही बाजू आतूनच कनेक्शन काढतात आणि पोर्ट उघडायची वेळच येत नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर तिथे नॅट नसतं, फक्त राऊटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यायची, पण समोरच्याकडेही आयपीव्ही६ लागतो.

पब्लिक आयपी असेल पण बदलता, तर डीडीएनएस लावायचा, म्हणजे एकच नाव बदलत्या आयपीकडे आपोआप वळत राहतं. चेक करताना फोन वायफायवरून काढून मोबाईल डेटावर घ्या, कारण घरातूनच स्वतःच्या पब्लिक आयपीवर गेलं तर बरेच राऊटर ते परत फिरवत नाहीत आणि चालू असलेला पोर्टसुद्धा बंद वाटतो. शिवाय मागे सर्व्हर चालू नसेल किंवा विंडोजचं फायरवॉल अडवत असेल तरी पोर्ट बंदच दिसणार.

कॅमेऱ्यासाठी पोर्ट उघडणं शक्यतो टाळावं. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने फॅक्टरीचे पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर टेलनेटवरून (दुरून मशीन चालवायची जुनी सोय) ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बऱ्याच साइट अडखळल्या. अमेरिकेत बसून गावाकडचं अंगण बघायचं असेल तर वायरगार्डचा एकच पोर्ट उघडून व्हीपीएनमधून आत यावं. डीएमझेड तर कामाला लागायला नको म्हणून लोक लावतात आणि तो त्या मशीनचे सगळेच पोर्ट उघडे टाकतो. यूपीएनपी चालू असेल तर घरातलं कुठलंही डिव्हाइस न विचारता पोर्ट उघडू शकतं, त्यामुळे गेमिंगसाठी लागत नसेल तर तो बंद ठेवावा आणि राऊटरच्या यादीत कुणी काय उघडलंय ते अधूनमधून बघावं.