पार्श्वभूमी : रक्तातले निदर्शक, मणक्यातले पाणी आणि ‘मेंदूज्वर’ नावाचा गुंता

पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा सांधेदुखीची शहराला सवयच होती. नवे होते ते ग्लानी, बरळणे, हातापायांतली ताकद जाणे आणि नाकाचा शेंडा काळवंडणे. रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी शरीरातला दाह दाखवणाऱ्या इंटरल्यूकिन-६, फेरिटिन अशा प्रथिनांची नावे सहज येत होती, कारण कोविडच्या दोन वर्षांत ती घराघरांत पोहोचली होती. त्यामुळे प्रतिकारयंत्रणेच्या अशा निदर्शकांवरून, ज्यांना प्रयोगशाळेत सरळ मार्कर म्हटले जाते, डासजन्य तापात मेंदूला धोका आहे की नाही हे ओळखण्याची कल्पना कोविडनंतरची आहे असा समज झाला. ती कल्पना बरीच जुनी आहे, आणि तिच्यातला गोंधळही तितकाच जुना आहे.

त्याची सुरुवात या शहराशी जोडलेली आहे. १९५२ साली एका अमेरिकी प्रतिष्ठानाच्या आणि भारतीय वैद्यकीय संशोधन यंत्रणेच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले आणि पहिल्याच वर्षांत देशाच्या वेगवेगळ्या भागांतील लोकांचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ द्रव, तपासले गेले. हाताशी निदर्शक एकच होता, विषाणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड, आणि तो मोजण्याची रीत अशी की विषाणू व सीरम यांचे मिश्रण उंदराच्या मेंदूत टोचायचे आणि किती उंदीर जगले ते मोजायचे. त्या पाहणीत १९६ पैकी ३३ नमुन्यांत झिका विषाणूला रोखणारे प्रतिपिंड दिसले. युगांडातील माकडात हा विषाणू १९४७ साली सापडला होता, म्हणजे ही नोंद त्यानंतर जेमतेम पाच-सहा वर्षांची. मात्र डेंगू, वेस्ट नाइल, जपानी मेंदूज्वर आणि झिका हे एकाच कुळातले विषाणू असल्यामुळे एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटतात, आणि म्हणून त्या ३३ माणसांना खरोखर झिकाच होऊन गेला होता की नात्यातल्या दुसऱ्या विषाणूचा तो ठसा होता, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. हीच चूक १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये जाहीरपणे झाली. तिथल्या मेंदूज्वराचे निदान प्रतिपिंडांवरून प्रथम सेंट लुइस एन्सेफलायटिस असे केले गेले आणि नंतर तो वेस्ट नाइल निघाला.

पुढची वीस वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९५५ मध्ये वेल्लोरच्या परिसरात जपानी मेंदूज्वराचे पहिले रुग्ण ओळखले गेले, १९७३ मध्ये बंगालमधील बांकुरा आणि बर्दवान जिल्ह्यांत त्याची मोठी साथ आली, आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुनियाचा उद्रेक होऊन तो आजार पुढची तीन दशके जवळजवळ विस्मरणात गेला. या सगळ्या काळात निदानासाठी दोन वेळचे रक्त लागे, एक तापात आणि दुसरे दोन आठवड्यांनी, आणि दुसऱ्या वेळेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असे किंवा दगावलेला असे.

बदल झाला तो आयजीएम, म्हणजे लागण झाल्यावर सर्वांत आधी तयार होणारे प्रतिपिंड, पकडणाऱ्या एलायझा चाचणीमुळे. छोट्या छोट्या ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची पट्टी असते. त्यात नमुना, प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि विकर (एन्झाइम) क्रमाने घालून, दर टप्प्याला धुऊन, शेवटी रंगद्रव टाकले की ज्या खळग्यात आयजीएम आहे तो निळा होतो, आणि आम्लाचा थेंब पडताच तो निळा पिवळा होतो. पिवळेपणा किती गडद आहे ते यंत्र वाचते. डेंगू, चिकुनगुनिया आणि जपानी मेंदूज्वरासाठी या चाचणीचे संच पुण्यात तयार होऊन देशभरच्या निवडक रुग्णालयांना जाऊ लागले, आणि एका नमुन्यावर, एका दिवसात उत्तर मिळू लागले. या चाचणीचा खरा उपयोग मात्र रक्तापेक्षा मणक्यातून काढलेल्या पाण्यावर, म्हणजे सीएसएफवर, अधिक होतो, कारण तिथे सापडलेले आयजीएम मेंदूच्या आत चाललेल्या लढाईचे असते. थायलंडमधील रुग्णांवरचे १९८५ चे निरीक्षण या संपूर्ण विषयाचा पाया मानावे लागेल. ज्यांच्या सीएसएफमध्ये विषाणू सापडला आणि आयजीएम फारच थोडे होते, ते रुग्ण दगावण्याची शक्यता अधिक होती. प्रतिकारयंत्रणेचा निदर्शक केवळ कोणता आजार हे सांगत नाही, तर रुग्णाचे पुढे काय होईल तेही सुचवतो, हे तिथे स्पष्ट दिसले.

त्यानंतर लक्ष सायटोकाइनांकडे, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पेशी एकमेकींना इशारे देण्यासाठी जी प्रथिने सोडतात त्यांच्याकडे, वळले. १९९७ मध्ये भारतातील रुग्णांत टीएनएफ अल्फाची वाढलेली पातळी मृत्यूशी जोडलेली आढळली, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दगावलेल्या रुग्णांच्या सीएसएफमध्ये इंटरफेरॉन अल्फा, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ वाचलेल्यांपेक्षा अधिक होते. यावरून दाह हाच खरा मारेकरी, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण दाह दाबणाऱ्या डेक्सामेथासोनची थायलंडमधील चाचणी १९९२ मध्येच निष्फळ ठरली होती, आणि व्हिएतनाममधील मुलांना इंटरफेरॉन देऊन पाहिल्याचा २००३ चा निकालही तसाच आला. वाढलेला निदर्शक हा आजाराचे कारण आहे, की आजार फार पुढे गेल्याची खूण आहे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला आणि तो पूर्ण सुटलेला नाही.

आता त्या नावाच्या गुंत्याकडे. मराठीत मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, हा मेंदूज्वर, एन्सेफलायटिस, म्हणजे खुद्द मेंदूचा दाह, हाही मेंदूज्वर, आणि जपानी एन्सेफलायटिस म्हणजे तर मेंदूज्वरच. चंडीपुरा विषाणूचा आजारही बातम्यांत याच नावाने येतो, वास्तविक १९६५ साली नागपुरात सापडलेला तो विषाणू मुख्यतः डासांमार्फत नव्हे, तर वाळूमाशीमार्फत पसरतो. बोलीभाषेतला हा सैलपणा एक वेळ समजून घेता येईल. पण असाच सैलपणा अधिकृत भाषेत आला तो २००५ नंतर. त्या वर्षी गोरखपूर आणि आसपासच्या भागांत मेंदूज्वराची भयंकर साथ आली. एकट्या उत्तर प्रदेशात ५,७३७ रुग्ण आणि १,३४४ मृत्यू नोंदले गेले. पाठोपाठ, जागतिक पातळीवरील २००६ च्या निकषांनुसार, ‘अॅक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम’ अर्थात एईएस ही संज्ञा देशाच्या सर्वेक्षणात आली. व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली होती: कोणत्याही वयाच्या व्यक्तीला, वर्षात केव्हाही, अचानक ताप आणि त्यासोबत शुद्धीत बदल किंवा साध्या तापाच्या झटक्यांखेरीज नव्याने आलेले झटके.

ही व्याख्या मोजदादीसाठी होती. गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्याला एकही रुग्ण सुटू न देता कळवता यावा, आणि मग त्यातून जपानी मेंदूज्वर वेगळा काढावा, हा तिचा हेतू होता आणि तो योग्यच होता. घडले असे की वेगळे काढण्याची पायरी मागे पडली आणि एईएस हे केसपेपरवरचे निदान होऊन बसले. लसीकरण झाल्यावर जपानी मेंदूज्वराचा वाटा कमी होत गेला, तरी एईएसचा आकडा तितकासा हलेना, आणि लस निरुपयोगी असल्याची चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात गोरखपूरच्या रुग्णांतला मोठा हिस्सा स्क्रब टायफसचा, म्हणजे डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनने बरा होणारा जिवाणूजन्य आजार निघाला. मुझफ्फरपूरच्या मुलांत २०१४ च्या तपासात उपाशीपोटी लिची खाण्याशी जोडलेली, रक्तातली साखर एकदम उतरवणारी विषबाधा आढळली. या तीन आजारांतली मुले एकाच रकान्यात ठेवून त्यांच्या रक्तातल्या सायटोकाइनांची सरासरी काढली, तर ती सरासरी नेमकी कशाची, या प्रश्नाला उत्तर नाही. निदर्शकांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत अशी तक्रार होते, तेव्हा दोष बहुतेक वेळा चाचणीला दिला जातो. रुग्णांना दिलेल्या नावापर्यंत क्वचितच कोणी जाते.

डेंगूतही हाच पेच थोड्या वेगळ्या वेषात आहे. रुग्ण ग्लानीत गेला, तर विषाणू मेंदूत शिरला आहे, म्हणजे एन्सेफलायटिस झाला आहे, की शॉक (रक्तदाब कोसळणे), यकृताचा बिघाड किंवा सोडियम उतरणे यांमुळे मेंदू मंदावला आहे, म्हणजे एन्सेफलोपॅथी आहे? शुद्ध हरपलेला रुग्ण पलंगाशेजारून दोन्हींत सारखाच दिसतो. २००९ च्या नव्या वर्गीकरणाने शुद्धीतील बिघाडाला तीव्र डेंगूच्या लक्षणांत जागा दिली, हे स्वागतार्हच होते. पण त्या एका ओळीत हे दोन्ही प्रकार पुन्हा एकत्र बसले.

चिकुनगुनिया २००५-०६ मध्ये परतला तो बार्शीच्या वेळच्या आशियाई प्रकारच्या विषाणूने नव्हे, तर आफ्रिकेतून आलेल्या प्रकाराने. भारतात २००६ मध्ये सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. मेंदूच्या गुंतागुंतीची ठोस मोजणी मात्र हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर झाली. तिथे लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली, आणि त्या साथीत चिकुनगुनियाने झालेल्या एन्सेफलायटिसचे प्रमाण लाखामागे ८.६ निघाले, त्यातही तान्ही बाळे आणि वृद्ध यांच्यात सर्वाधिक. निदर्शकांचा अभ्यास त्या मानाने सांध्यांभोवतीच फिरत राहिला. सिंगापूरच्या २००९ च्या अभ्यासाने इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-६ चढणे आणि रँटेस नावाचे तशाच जातीचे प्रथिन उतरणे ही तीव्र आजाराची खूण ठरवली, पुण्यातील संधिवाताच्या अभ्यासकांनीही तापाच्या दिवसांतील सायटोकाइनांची मोजणी केली. पण मुख्य चिंता महिनोन्‌महिने टिकणाऱ्या सांधेदुखीची होती. त्या निष्कर्षांच्या आधारे ग्लानीतल्या रुग्णाबद्दल अंदाज बांधणे धोक्याचे आहे. पहिल्या आठवड्यात येणारी ग्लानी आणि ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येणारा पायांचा लुळेपणा यांतला पहिला प्रकार विषाणूच्या हल्ल्याचा असू शकतो, तर दुसरा प्रतिकारयंत्रणेने आपल्याच चेतातंतूंवर केलेल्या हल्ल्याचा असतो.

या दुसऱ्या प्रकाराचे, गियाँ-बारे सिंड्रोमचे, झिकाशी असलेले नाते फ्रेंच पॉलिनेशियाच्या २०१३-१४ च्या साथीत पक्के झाले; तिथल्या ४२ रुग्णांपैकी ४१ जणांत झिकाविरोधी प्रतिपिंड होते. महाराष्ट्रात झिका प्रथम जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला आणि जून २०२४ मध्ये पुण्यात एरंडवण्यात. पुण्यातील तपासण्यांचा भर, रास्तच, गरोदर स्त्रियांवर राहिला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारेचे रुग्ण वाढू लागले तेव्हा म्हणूनच अनेकांनी डासांकडे बोट दाखवले. त्या उद्रेकाचा माग, ज्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूकडे गेला.

सध्या सायटोकाइन मोजण्याची यंत्रे एका थेंबात डझनभर प्रथिने मोजतात आणि खासगी प्रयोगशाळाही इंटरल्यूकिन-६ त्याच दिवशी कळवतात. अडते ते नमुन्यापाशी. ‘मणक्यातले पाणी काढले की माणूस अधू होतो’ ही भीती वॉर्डात अजून ऐकू येते, संमतीपत्रावर सही करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन जातो, आणि डेंगूत प्लेटलेट उतरलेल्या असतील तर सुई घालायला डॉक्टरही, योग्य कारणाने, थांबतात. तोवर दोन-तीन दिवस निघून जातात, आणि आइसबॉक्समध्ये प्रयोगशाळेकडे जाते ती फक्त सीरमची कुपी.