निसणा का बुजतो आणि तो मोकळा कसा ठेवावा

धार लावण्याच्या दगडावर, म्हणजे निसण्यावर, काही काळाने करडी-काळी चकाकी येते आणि पाते त्यावरून नुसतेच घसरू लागते. दगड झिजला असे समजून अनेक जण तो बाजूला ठेवतात. पण बहुतेक वेळा तो झिजलेला नसून बुजलेला असतो.

निसण्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड यांसारख्या अतिकठीण पदार्थांचे कण बंधकाने, म्हणजे त्यांना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाने, एकत्र धरलेले असतात. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 अशा अंकांत मांडणाऱ्या मोहच्या (Mohs) काठिण्यश्रेणीत हे कण 9 किंवा त्याहून किंचित वर येतात, तर सुरीचे पाणी दिलेले पोलाद 6 ते 7 च्या आसपास असते. म्हणूनच प्रत्येक कण पात्यावरून धातूचा सूक्ष्म कीस काढू शकतो. मात्र त्या किसाला जायला जागा हवी, आणि 1000 क्रमांकाच्या (क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक) निसण्यात कणच जेमतेम 15 मायक्रोमीटरचे असल्याने त्यांच्यामधील पोकळ्याही तितक्याच चिमुकल्या असतात. त्या भरल्या की पुढच्या प्रत्येक घाशीबरोबर हाताचा दाब तो कीस आणखी ठेचून बसवतो, कणांची टोके त्याखाली झाकली जातात आणि पोलाद पोलादावरच घासू लागते. त्यात ओलावा राहिला तर गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे ही भर अधिकच घट्ट होते.

पाणी किंवा तेल वापरण्याचे मुख्य कारण इथेच सापडते. हाताने धार लावताना पाते फारसे तापत नाही. द्रवाचे खरे काम कीस तरंगता ठेवून पोकळ्यांबाहेर काढण्याचे असते. त्यामुळे द्रव काळा झाला की तो दगडावर वाळू न देता पुसून नवा घालणे, ही माझ्या मते सर्वांत मोलाची सवय आहे, कारण सुकलेला कीस काढणे फार अवघड जाते. तेल वापरायचे तर पातळ खनिज तेलच घ्यावे. जवसाच्या तेलासारखी वनस्पतिज तेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट थर बनवतात आणि दगड बुजवण्यास स्वतःच हातभार लावतात.

मऊ बंधकाच्या, पाणी घालून वापरायच्या दगडांत बोथट झालेले कण सुटून चिखलात मिसळतात आणि खालचे ताजे कण उघडे पडतात. असा दगड सहसा बुजत नाही, पण लवकर झिजून मध्ये खोलगट होतो. कठीण बंधकाचा दगड सपाट राहतो, मात्र त्याचा कीस आपल्यालाच काढावा लागतो. त्यावर हात हलका ठेवावा. जोर वाढवल्याने धार लवकर येईल असे वाटते, परंतु त्यामुळे कीसच खोल दाबला जातो.

बुजलेला दगड साबणाच्या पाण्याने आणि ताठ केसांच्या ब्रशने घासून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर सपाट जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड व पाणी घेऊन त्यावर दगड फिरवावा. वरचा थर निघून नवे कण उघडे होतात आणि खोलगटपणाही जातो. धार लावण्याच्या हिऱ्याच्या पट्टीवर हा उपाय कधीही करू नये, कारण तिच्यावर निकेलमध्ये बसवलेला हिऱ्यांचा एकच थर असतो. तिला ब्रश आणि साबण पुरतो, तर धार लावण्याच्या सिरॅमिकच्या कांडीवरील काळे डाग खोडरबरानेही निघतात. मॅग्नेशियाच्या (मॅग्नेशियम ऑक्साइडच्या) बंधकाचे दगड फार वेळ पाण्यात बुडवून ठेवल्यास बंधकच कमजोर होऊन त्यांना तडे जाऊ शकतात, म्हणून ते धुऊन लगेच पुसावेत आणि सावलीत सावकाश वाळू द्यावेत.