व्हिनेगरमध्ये उकळलेला पिवळा कंद

चीनच्या झेजियांग प्रांतात यानहूसुओ नावाची एक नाजूक वनस्पती पिकवतात. तिचा कंद जेमतेम बोराएवढा. वाळला की टणक होतो. फोडला तर आतून पिवळा, मेणासारखा तुकतुकीत. तिथले वैद्य शेकडो वर्षांपासून तो पोटदुखीवर, पाळीच्या दुखण्यावर देतात. मात्र बऱ्याचदा देण्याआधी तो व्हिनेगरमध्ये उकळतात.

खरी मेख या व्हिनेगरमध्ये आहे. कंदातली वेदनाशामक द्रव्यं म्हणजे अल्कलॉइड्स, वनस्पतींत सापडणारी नत्रयुक्त संयुगं. साध्या पाण्यात ती नीट विरघळत नाहीत. आम्ल मिळालं की त्यांचे क्षार तयार होतात आणि ते काढ्यात सहज उतरतात. आधुनिक रसायनशास्त्र जन्माला यायच्या कितीतरी आधी हे कुणीतरी अनुभवाने हेरलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

यातलं एल-टीएचपी हे द्रव्य चीनमध्ये वेदनाशामक म्हणून आधीपासूनच वापरात होतं. 2014 मध्ये लियांग शिनमियाओ आणि ऑलिव्हिए सिव्हेली या संशोधकांच्या गटांनी याच कंदातल्या दुसऱ्या एका द्रव्याकडे लक्ष वेधलं: डिहायड्रोकोरीबल्बिन, थोडक्यात डीएचसीबी. उंदराच्या शेपटीवर उष्ण प्रकाशझोत टाकायचा आणि ती झटकायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं, ही वेदना मोजायची जुनी रीत. डीएचसीबी दिल्यावर हा वेळ वाढला. सुजेचं दुखणंही कमी झालं, आणि नसेला इजा झाल्यावरचंही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे शेवटचं. नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने होणारी आग, मधुमेहात तळपायांना येणाऱ्या झिणझिण्या ज्यांनी सोसल्या आहेत, त्यांना विचारा. नेहमीच्या गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. मॉर्फिनला शरीर सरावतं, मात्रा वाढवत न्यावी लागते. डीएचसीबी रोज देऊनही उंदरांमध्ये तसं झालं नाही. कमी मात्रेत ते मुख्यतः डी2 रिसेप्टरवर काम करतं, म्हणजे मेंदूतलं निरोप्या रसायन डोपामिन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेवर. मॉर्फिनची वाट वेगळी.

पण हे सगळं उंदरांमधलं. काढ्याची मात्रा वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने ठाऊक असते. वेगळ्या काढलेल्या शुद्ध द्रव्याची मात्रा नव्याने ठरवावी लागते. 1993 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तीन लहान मुलांनी ‘जिन बू हुआन’ नावाच्या गोळ्या गिळल्या. पाकिटावर भलत्याच वनस्पतीचं नाव होतं, आत एल-टीएचपी होतं. मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावले, श्वास धिमा झाला. तिघंही वाचली.