पीएचपीचा ॲरे आतून कसा असतो?

ॲरे म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेले कप्पे, हे प्रोग्रामिंगच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. सी भाषेपुरतं ते खरं आहे. वेबसाइट बनवायला वापरतात त्या पीएचपी भाषेत मात्र तुम्ही ‘ॲरे’ हा शब्द लिहून यादी करा किंवा २०१२ साली ५.४ आवृत्तीत आलेले चौकोनी कंस वापरा, शेवटी सांगितलेला एक अपवाद सोडला तर तयार होतो तो क्रम सांभाळणारा हॅश टेबल, म्हणजे नोंदीच्या नावावरून (त्याला ‘की’, इंग्रजीत key म्हणतात) एक आकडा, म्हणजे हॅश, काढून तिची जागा ठरवणारा तक्ता. कंस वापरले की प्रोग्राम वेगाने चालतो, असं ठासून सांगणारे भेटतात. ती निव्वळ अंधश्रद्धा आहे, कारण दोन्हींपासून आत एकच कोड बनतो.

यातलं हॅशचं गणित मला फार देखणं वाटतं. ‘की’ अक्षरी असेल तर पीएचपी ५३८१ पासून सुरुवात करतं. दर अक्षरागणिक हातातल्या संख्येला ३३ ने गुणायचं आणि अक्षराचा कोड, म्हणजे संगणकात त्या अक्षराला ठरलेला आकडा, मिळवायचा. ३३ च का? बिट पाच घरं डावीकडे सरकवले की ३२ पट होते, त्यात मूळ संख्या मिळवली की झालं. प्रोसेसरला हे अगदी स्वस्तात पडतं.

समजा, ‘की’ आहे इंग्रजी छोटा ‘ए’, कोड ९७. मग ५३८१ × ३३ + ९७ = १,७७,६७०. सध्याच्या आवृत्त्यांत सर्वांत छोट्या हॅश टेबलला १६ खाने असतात. १६ ने भागल्यावर बाकी उरते ६, म्हणून ‘ए’चा खाना ६. आता छोटा ‘क्यू’ घ्या, कोड ११३. हॅश १,७७,६८६, बाकी पुन्हा ६!

टक्कर झाली, तरी काही हरवत नाही. खऱ्या नोंदी आल्या त्या क्रमाने वेगळ्या यादीत बसतात. खान्यात फक्त त्या यादीतला नंबर असतो. खाना ६ मध्ये आता ‘क्यू’चा नंबर येतो आणि ‘क्यू’च्या नोंदीत ‘ए’चा पत्ता लिहिला जातो. ‘ए’ शोधताना आधी ‘क्यू’ लागतो, ‘की’ जुळत नाही, मग पुढे ‘ए’ सापडतो. फोरइच लूपमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी एकेक करून वाचताना, मात्र जी नोंद आधी टाकली तीच आधी येते.

मुद्दाम एकाच खान्यात टक्कर होणाऱ्या हजारो ‘की’ पाठवून सर्व्हर दमवता येतो, हे डिसेंबर २०११ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. त्यावर ५.३.९ आवृत्तीने एका विनंतीतल्या इनपुटच्या संख्येवर १००० ची मर्यादा घातली, हवी तर ती बदलता येते.

आता तो अपवाद: ‘की’ ०, १, २ अशा ओळीने असतील, तर पीएचपी हॅशच्या भानगडीत पडत नाही. ८.२ आवृत्तीपासून अशा ॲरेतल्या घटकाला ३२ ऐवजी १६ बाइट पुरतात. ‘की’ म्हणून लिहिलेला अवतरणातला ‘8’ सुद्धा गुपचूप आकडा होतो. ‘08’ मात्र अक्षरीच राहतो, आणि तो आला की अख्खा ॲरे हॅश टेबल होतो.