बहिणीचं लग्न कोणत्या साली झालं? मुलींच्या हिश्शामागचा इतिहास

गावाकडच्या जमिनीचा वाद घेऊन कुणी दिवाणी वकिलाकडे गेलं, की आधी दोन-तीन प्रश्न ठरलेले असतात. वडील कधी वारले? बहिणींची लग्नं कोणत्या साली झाली? वाटणी झाली म्हणताय, तर कागद कुठाय? ऐकणाऱ्याला हे चौकशीखातर विचारल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक प्रश्नामागे कायद्याने मुलीसाठी कधीतरी अर्धवट उघडलेलं एकेक दार आहे.

याची सुरुवात बरीच जुनी आहे. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा हे भाष्य लिहिलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, हे सूत्र तिथलं. मुलगी या वर्तुळाबाहेर राहिली. मात्र पुरुष निपुत्रिक आणि विभक्त असताना वारला, तर वारसांचा क्रम ‘पत्नी दुहितरश्चैव’ असा सुरू होतो. म्हणजे बायकोनंतर लगेच मुलगीच. मूळ पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात व्यवहारमयूख हा हिंदू कायद्यावरचा ग्रंथ लिहिला. गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात त्याचं वजन अधिक. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्यात मुलीला बापाची इस्टेट मिळाली तर ती पूर्ण मालकीने मिळे; इतर बऱ्याच प्रांतांत ती फक्त हयातीपुरती असे. आपल्याकडची परंपरा मुलीबाबत सगळ्यात कर्मठ होती, असं सरसकट म्हणता येत नाही. अर्थात भाऊ असेल तर या उदारपणाचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

१९३७ साली डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नातून हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला, तो विधवांपुरता, आणि तोही हयातीपुरता हक्क देणारा. मग हिंदूंचे लग्न-वारशाचे नियम एका कायद्यात आणणारं हिंदू कोड बिल आलं. त्याचा मसुदा करणाऱ्या राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सुचवला होता, डॉ. आंबेडकरांच्या प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला. शिवाय जन्माने मिळणारा हक्कच मोडीत काढायचा, असा बिलाचा रोख होता. विरोध इतका झाला की बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला, तो तडजोडीचा. बापाच्या स्वतःच्या हिश्शात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. पण एकत्र कुटुंबाची पुरुषांपुरती सहदायकी, म्हणजे मालमत्तेत जन्मानेच हक्क असणाऱ्यांचं वर्तुळ, तशीच राहिली. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. भावांनी वाटणी केली तरच तिचा हिस्सा वेगळा व्हायचा.

ही तडजोड आकड्यांत कशी दिसते, ते सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेल्या एका खटल्यात पाहता येतं. गुरुपाद विरुद्ध हिराबाई या नावाने तो वकिलांना पाठ असतो. हिराबाईंचे पती जून १९६० मध्ये वारले. मागे त्या स्वतः, दोन मुलगे आणि तीन मुली. कायदा म्हणतो, मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं समजा. त्या कल्पित वाटणीत नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार हिस्से पडतात, प्रत्येकी पाव. मुलींना इथे काहीच नाही. मग नवऱ्याच्या पाव हिश्शाचे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी चोविसावा. खालच्या कोर्टाने हिराबाईंना तेवढाच, १/२४ दिला होता. उच्च न्यायालयाने आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या निकालाने वाटणीतला पाव आणि हा चोविसावा असे मिळून ७/२४ त्यांचे ठरले. मुलग्यांनाही प्रत्येकी ७/२४. मुलींना १/२४. आईच्या हक्कासाठीचा हा निकाल उत्तमच होता, पण भावाला सात भाग आणि बहिणीला एक, हे प्रमाण बदलण्याची सोय त्या कायद्यातच नव्हती.

ते बदलायला राज्यं पुढे सरली. केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंबाची पद्धतच रद्द केली. आंध्र आणि तमिळनाडूने ऐंशीच्या दशकात मुलीला सहदायक केलं. महाराष्ट्राने १९९४ साली, राज्याचं पहिलं महिला धोरण आलं त्याच वर्षी, तेच केलं. २२ जूनपासून अंमल सुरू झाला. त्याआधी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेमुळे बायकोच्या नावावर जमीन करण्याची चर्चा गावोगावी झाली होती, त्यामुळे विषय अगदीच परका नव्हता. पण कायद्यात एक पाचर होती. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीला तो लागूच नव्हता. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी मे महिन्यात बोहल्यावर चढलेली बाहेर आणि डिसेंबरात लग्न झालेली आत. लग्न म्हणजे हक्काची फारकत, ही समजूत सरकारने कायद्यात लिहूनच टाकली होती. लग्नाची तारीख विचारायची सवय इथून लागली.

केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट पुसली. मुलगी विवाहित असो वा नसो, जन्मानेच सहदायक. राहत्या घराबाबतची आडकाठी गेली, आणि शेतजमिनीच्या वारसाला वेगळे कायदे लावू देणारी सवलतही गेली. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्या आणि व्यवहार मात्र कायम ठेवले. ही तारीख विधेयक संसदेत मांडलं त्या दिवसाची. मधल्या काळात घाईघाईने वाटण्या करून मुलींना वगळू नये म्हणून ती घातली.

तरी पंधरा वर्षं घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप आणि मुलगी दोघंही हयात हवेत. २०१८ मध्ये दुसऱ्या पीठाने, बाप २००१ मध्ये वारलेला असूनही, मुलींना हिस्सा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला: हक्क जन्माचा आहे, बाप २००५ मध्ये जिवंत असण्याची गरज नाही. तोंडी वाटणीचा बचावही एरवी चालणार नाही. वाटणी नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. तोंडी वाटणी अपवादानेच आणि सरकारी कागदपत्रांचा ठोस आधार असेल तरच मानली जाईल. ‘आमची वाटणी पंचांसमोर झालीय’ म्हणणाऱ्या कित्येक भावांची इथे पंचाईत झाली.

सांगलीचंच कुटुंब आज धरलं तर? बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली: कल्पित वाटणीचे सात हिस्से, मग बापाचा सातवा हिस्सा सहा जणांत. शेवटी प्रत्येकाला १/६. चोविसाव्यावरून सहावा, म्हणजे चौपट.

इथे एक गोष्ट लोक हटकून विसरतात. हे सगळं वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. बापाने स्वतः कमावलेल्या इस्टेटीचं तो मृत्युपत्राने हवं ते करू शकतो, मुलीला पूर्ण वगळूही शकतो. सहदायकीतला स्वतःचा हिस्साही १९५६ पासून मृत्युपत्राने देता येतो. गोव्यात हे चालत नाही. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सारखे वारस आहेत, निम्मी इस्टेट वारसांसाठी राखीव असते आणि मृत्युपत्र उरलेल्या निम्म्यापुरतंच चालतं. आता तिथे २०१२ चा वारसा कायदा आहे, तत्त्व तेच. सावंतवाडीची मुलगी म्हापशात जन्मली असती तर एवढ्या तारखांच्या फेऱ्यात सापडलीच नसती.

आणि तरी सातबाऱ्यावर बहिणींची नावं फार काळ टिकत नाहीत. बाप वारला की वारसनोंदीच्या फेरफारात सगळ्या मुलींची नावं चढतात. तलाठ्याला ती वगळता येत नाहीत. मग काही महिन्यांत घरात विषय निघतो. बहिणींना गाडी करून दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या आणि अंगठे होतात, परतताना साडीचोळी होते. कुटुंबातल्या कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे खर्चाची अडचण नाही. माहेर तुटेल ही भीती बोलून दाखवावी लागत नाही. काही बहिणी राजीखुशीने सोडतात, हे खरं. पण नुसतंच ‘सही कर’ असं ऐकणाऱ्याही पुष्कळ आहेत.

बाप हयात असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा ‘पुढचा हक्क’ सोडून घेतला असेल, तर त्या कागदाला सहसा किंमत नाही. जो हक्क अजून मिळालाच नाही तो सोडणार कसा? पण बापामागे झालेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र ही पक्की गोष्ट आहे. ते उलटवायचं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून.