वस्तऱ्याची पाठ बघा, धार नंतर

मागच्या उन्हाळ्यात गावाकडचं माळवद उतरवायला काढलं तेव्हा आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडला. पातं काळवंडलेलं, मूठ काळ्या शिंगाची, आणि पात्याच्या बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरात ‘सोलिंगन’ लिहिलेलं, म्हणजे माल जर्मनीचा, निजामाच्या राज्यात कुठून तरी येऊन पडलेला. मला लगेच हौस सुटली की आता ह्यानंच दाढी करायची. निलंग्याला परत आल्यावर गल्लीत सायकलवर चाकू-कात्रीला धार लावणारा आला होता, त्याच्याकडं द्यायला निघालो तर कोपऱ्यावरच्या कटिंगच्या दुकानातले आमचे वारीक (न्हावी) मामा धावतच बाहेर आले. “सर, त्या चाकावर धरला की संपला बगा. आन धारीकडं काय बघायलाव, आदी पाठ बगा पाठ.”

पाठ म्हणजे पात्याची वरची जाड बाजू. तिचं काय बघायचं हे मला कळायला पंधरा दिवस लागले, पण गंमत अशी की वस्तऱ्याचं सगळं शास्त्र तिथंच आहे.

स्वयंपाकघरातल्या चाकूला धार लावताना तो दगडावर किती तिरका धरायचा हे आपला हात ठरवतो. वस्तऱ्याला ते ठरवायचंच नसतं, कारण तो दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. माझा वस्तरा मोजला तर रुंदी १६ मिमी आणि पाठ साडेचार मिमी जाड, शाळेतली त्रिकोणमिती लावली की धारेचा कोन साधारण १६ अंश येतो. चाकूचा हाच कोन ३० ते ४० अंश असतो, आता बोला. शिवाय दगडावर धार झिजते तशी पाठही थोडी झिजते, त्यामुळं वर्षानुवर्षं वापरूनसुद्धा कोन फारसा हलत नाही. म्हणून जुना वस्तरा विकत घेताना आधी पाठ सगळीकडं सारखी आहे का ते बघायचं. कुणी एका टोकाला दाबून घासून सपाट केली असेल तर त्या टोकाचा कोन वेगळा झाला, मग तो वस्तरा कितीही चकचकीत असू द्या, सोडून द्या.

आता चाकावर काय बिघडलं असतं ते. वस्तऱ्याच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन असतो. ते ८०० अंशाच्या आसपास लालभडक तापवून एकदम तेलात नाहीतर पाण्यात बुडवतात, आपल्याकडचे घिसाडी विळ्याला ‘पाणी देतात’ तेच हे. एकदम गार झाल्यामुळं कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते लोखंडाच्या जाळीत अडकून पडतात आणि जाळी ताणली जाते, त्या ताणामुळं पोलाद कडक होतं. पण नुसतं कडक म्हणजे काचेसारखं ठिसूळ, म्हणून नंतर १५०-२०० अंशावर परत हलकं तापवून थोडा ताण सोडवतात. कोरड्या चाकावर पात्याची कड क्षणात ह्याच्या वर जाते, कारण ती इतकी पातळ असते की उष्णता पळून जायला जागाच नसते. निळसर डाग दिसला म्हणजे तिथं पारा ३०० च्या घरात गेला, पाणी उतरलं, आता तिथं धार धरणार नाही. आणि हे परत दुरुस्त होत नाही.

पोलादाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतोच. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे, तिथं मुशीत वितळवून केलेलं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी यायचे. असल्या भारतीय पोलादाला इंग्रज वूट्झ म्हणायचे, त्याचे नमुने मुंबईहून लंडनला गेले आणि १७९५ मध्ये रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे करणारा कारागीर, तो तर आपल्या जाहिरातीतच सांगायचा की वूट्झ युरोपातल्या सगळ्यात चांगल्या पोलादापेक्षा सरस आहे. पुढं विजेवाल्या मायकेल फॅरडेनं ह्याच स्टोडार्टला जोडीला घेऊन पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले आणि त्या पोलादाचे वस्तरे करून मित्रांना भेट दिले! शेजारच्या जिल्ह्यात एवढं असून आजोबांच्या हातात मात्र जर्मनीचाच माल आला.

असो. घेताना गंजही बघा. वरवरचा तांबडा गंज घासून निघतो, पण धारेला लागून काळे खड्डे असतील तर अवघड, दगडावर धार मागं मागं सरकत त्याच खड्ड्यात जाऊन पोचते. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची असेल तर वास घेऊन बघा, ते जुनं होऊन सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती शेजारच्या पात्यालाच खाते, वर ते भडकन पेटतंही. हस्तिदंती मुठीच्या नादी लागू नका, आपल्याकडं त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे.

धार पहिल्यांदा जाणकाराकडून पाजवून घ्या, मीही मामांकडूनच घेतली. त्यांनी आधी १००० नंबरचा दगड, मग ४०००, मग ८०००, अशी दोन संध्याकाळी मेहनत केली. नंबर वाढला की दगडातले कण बारीक होतात आणि आधीच्या कणांनी पाडलेले ओरखडे पुसत जातात, शेवटी धारेची जाडी एका मायक्रॉनच्याही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आत येते. त्यानंतर रोज दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक हात. इथं पाठ पुढं आणि धार मागं, आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच पलटायचा. मी पहिल्याच दिवशी धारेवर पलटला आणि पट्टा कापला.

दाढी करताना मात्र मोठा प्रश्न केसांचा आहे. केस पोलादापेक्षा ५० पट मऊ असतो, तरी ब्लेड बोथट का होतं? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, त्यातल्या एकानं तर स्वतःची दाढी करून करून ब्लेड तपासले. धार झिजून गोल होत असेल असं वाटलं होतं, निघालं वेगळंच. केस वाकून तिरका आला आणि नेमका धारेतल्या आधीच्या बारीक खाचेपाशी, जिथं पोलाद सगळीकडं सारखं नाही अशा जागी अडला, तर एकटा केस धारेचा कपचा काढू शकतो. म्हणजे जुन्या धारेतली एक न दिसणारी खाच किती महाग पडते बघा. त्यांचे प्रयोग आपल्या साध्या ब्लेडवरचे होते, पण वस्तऱ्यावरही केस तोच आणि धारही तेवढीच पातळ.

म्हणून केस आधी मऊ करायचा. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा, कोमट पाण्यात तो दोन-तीन मिनिटांत पाणी पितो, फुगतो, आतले त्याला घट्ट धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि कापायला जोर कमी लागतो. इथपर्यंत सोपं, पण आपल्याकडं बोरचं पाणी! काळ्या खडकातून झिरपून येताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, बादलीला पांढरा थर धरतो तो त्याचाच, आणि साबण त्या कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चोथा होतो. फेस येतच नाही, आणि फेसाशिवाय वस्तरा म्हणजे खरवडणं. उकळून थोडा फरक पडतो, पण सगळे क्षार काही जात नाहीत. मी जारचं पाणी घेतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या लातूर जिल्ह्यात पाण्याचे असले नखरे करायला लाज वाटते खरी, पण एका दाढीला एक तांब्यासुद्धा लागत नाही.

मग हात. एका हातानं कातडी ताणायची आणि वस्तरा साधारण ३० अंशावर धरायचा, म्हणजे परत पाठच बघायची, पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्या जाडीएवढी फट, थोडी जास्त चालेल. नेहमी सुलटा हात, केस जिकडं वळलेत तिकडंच, आणि जोर अजिबात द्यायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं, वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेनं सरकू द्यायचा नाही. टोमॅटो नुसता दाबला तर चेपतो पण सुरी जरा ओढली की चर्रकन कापतो, कातडीचंही तसंच. पहिला महिनाभर फक्त गाल करा, हनुवटी आणि गळा साध्या रेझरनं. कापलंच तर तुरटी, ती जखमेवरची प्रथिनं गोठवते आणि रक्त थांबतं.

वस्तरा कुणाला वापरायला देऊ नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो, दुकानात आता प्रत्येक गिऱ्हाईकाला नवी अर्धी ब्लेड घालतात ती ह्या असल्या रोगांच्याच भीतीनं. जुना वस्तरा आणला की आधी साबणानं घासून मग स्पिरिटनं पुसा. उकळत्या पाण्यात टाकायचा मोह होतो, १०० अंशानं पोलादाचं पाणी उतरत नाही, पण शिंगाची मूठ वाकडी होते कारण शिंगही केराटिनच, दाढीसारखंच मऊ पडतं.

दाढी झाली की पातं कोरडं करून तेलाचा हात. मी घरात होतं म्हणून करडीचं लावलं आणि सुट्टीत गावी गेलो, परत येऊन बघतो तर पात्यावर चिकट पिवळी साय. करडईच्या तेलातली मेदाम्लं हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जुळतात आणि वाळतात, रंगाच्या धंद्यात त्याचा हाच गुण वापरतात. मामांनी नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाले, “दाढी करायलाव का वांग्याची भाजी?” आता खोबरेल लावतो, ते वाळत नाही. फक्त थंडीत बाटलीत गोठतं, तेव्हा सकाळी आधी बाटली उन्हात ठेवायची आणि मग दाढीला बसायचं.